कमी वस्तू, पुरेसं समाधान: मिनिमलिझमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाट आवरायला घ्यावं आणि बोलणं पैसा, वेळ, नाती, मोठेपणा इथपर्यंत पोहोचावं, असा हा विषय आहे. नव्याने याकडे वळलेले आणि अर्ध्या वाटेवर अडकलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र घेतले आहेत. सगळी उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण सगळे प्रश्न सारख्या अवघडपणाचे नाहीत.

मिनिमलिझम म्हणजे नेमकं काय?

आपल्याला काय आणि किती पुरे आहे हे स्वतः ठरवणं, आणि त्यापलीकडचं सोडून देणं. पांढऱ्या भिंती, रिकामी खोली आणि कोपऱ्यात एक कुंडी हे त्याचं फोटोत दिसणारं रूप झालं. हे नाव 1960 च्या दशकात कलेतल्या एका प्रवाहाला मिळालं आणि तिथून पुढे घरांच्या सजावटीत आणि राहणीमानात शिरलं. विचार मात्र फार जुना आहे. बौद्ध भिक्षूच्या वस्तू ठरलेल्या असत: तीन चीवरं म्हणजे अंगावरची वस्त्रं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरेचा पट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. जैन परंपरेत साधूसाठी पूर्ण अपरिग्रह, म्हणजे काहीच न साठवणं, सांगितला आहे, पण गृहस्थासाठी परिग्रह-परिमाण आहे. म्हणजे आपल्या मालमत्तेची मर्यादा आपणच आखायची आणि ती पाळायची. घरसंसार, नोकरी, मुलंबाळं सांभाळणाऱ्यांसाठी मला हाच मार्ग जास्त खरा वाटतो. त्यात सगळं सोडायला सांगितलेलं नाही, कुठेतरी रेघ ओढायला सांगितलं आहे.

वस्तू कमी केल्या की माणूस खरंच आनंदी होतो का?

नुसत्या वस्तू कमी करून होत नाही. हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण बरीच निराशा याच अपेक्षेतून येते.

योगदर्शनात अपरिग्रह हा यमांमध्ये, म्हणजे टाळायच्या गोष्टींत येतो आणि संतोष हा नियमांमध्ये, म्हणजे अंगी बाणवायच्या गोष्टींत. दोन्ही वेगळे सांगितले आहेत, दोन्हींचा अभ्यास वेगळा आहे. वस्तू काढून टाकणं हे बाहेरचं काम आणि हवंहवंसं वाटणं शांत होणं हे आतलं. पहिल्याने दुसऱ्याला जागा मिळते, पण ती जागा आपोआप भरत नाही.

संशोधनातही साधारण असंच दिसतं. 2014 साली हेल्गा डिटमार आणि सहकाऱ्यांनी अडीचशेहून अधिक गटांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. पैसा आणि वस्तू यांना आयुष्यात जितकं जास्त महत्त्व, तितकं मानसिक स्वास्थ्य कमी, असा संबंध त्यात आढळला. तो संबंध फार मोठा नव्हता, पण जवळपास सगळीकडे होता. इथे मोजलं होतं ते वस्तूंना दिलेलं महत्त्व. घरात किती वस्तू आहेत, हे मोजलं नव्हतं. मोजक्या वस्तू असलेला माणूसही दिवसभर पुढच्या खरेदीचाच विचार करत असेल, तर तो याच जाळ्यात आहे.

पसाऱ्याचा स्वतःचाही ताण असतो. 2010 साली कॅलिफोर्नियात एक अभ्यास झाला. त्यात नोकरी करणाऱ्या जोडप्यांना आपलं घर फिरून दाखवायला सांगितलं आणि ते बोलताना कोणते शब्द वापरतात हे टिपलं. ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसारा, अर्धवट कामं असे उल्लेख जास्त होते, त्यांच्या शरीरात कॉर्टिसोल या ताणाशी जोडलेल्या संप्रेरकाची दिवसभरातली नेहमीची उतरण मंद होती. पुरुषांमध्ये हा संबंध तसा दिसला नाही. पसारा घरात सगळ्यांचा असतो, त्याचं ओझं मात्र सगळ्यांवर सारखं नसतं, हे यातून मला ठळकपणे दिसतं. आवरणं ही एकाच व्यक्तीची जबाबदारी असलेल्या घरात मिनिमलिझम आणायचा, तर आधी त्या वाटणीबद्दल बोलायला हवं.

नवीन वस्तूचा आनंद इतक्या लवकर का ओसरतो?

कारण आपलं मन सवयीचं होतं. मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1971 मध्ये ही कल्पना मांडली: सुखाची पातळी वाढली की अपेक्षाही तिच्यामागोमाग वर सरकते आणि माणूस पुन्हा पहिल्याच जागी येतो. 1978 साली ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी 22 लॉटरी विजेत्यांशी बोलून पाहिलं. ते इतरांपेक्षा फारसे आनंदी आढळले नाहीत, उलट मित्राशी गप्पा, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली दिसली.

हा अभ्यास फार सांगितला जातो, पण तो छोटा होता. स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांच्या बऱ्याच मोठ्या अभ्यासात, 2020 मध्ये, वेगळं चित्र आलं: मोठी रक्कम मिळालेल्या लोकांचं आयुष्याबद्दलचं समाधान वर्षानुवर्षं वाढलेलंच राहिलं. म्हणून ‘पैशाने सुख मिळत नाही’ हे वाक्य मी सरसकट म्हणणार नाही. माझ्या मते, उद्याची काळजी मिटवणारा पैसा माणसाला दीर्घकाळ निवांत ठेवतो, आणि लवकर विरते ती कपाटात आणखी एक वस्तू आल्याची मजा.

त्यात भर म्हणजे एक वस्तू दुसरीला बोलावते. फ्रेंच विचारवंत देनी दिदरो याने 1769 मध्ये एक छोटा निबंध लिहिला. त्याला एक उंची झगा मिळाला. त्या झग्यापुढे खोलीतली जुनी खुर्ची, मेज, चित्रं सगळंच कळाहीन वाटू लागलं, आणि एकेक करत तो ते बदलत गेला. ग्रँट मॅक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञाने 1988 मध्ये या प्रकाराला ‘दिदरो परिणाम’ असं नाव दिलं. नवा पडदा आला की जुना सोफा डोळ्यांत खुपू लागतो, हे कोणाला अनुभवायचं राहिलं आहे? खरेदीच्या वेळी किंमत एका वस्तूची दिसते. तिच्या मागून येणाऱ्या वस्तूंची दिसत नाही.

गरज कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते?

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याने इच्छांची तीन भागांत विभागणी केली होती. काही नैसर्गिक आणि आवश्यक: भूक, तहान, निवारा, मैत्री. काही नैसर्गिक पण अनावश्यक: साध्या जेवणाऐवजी चैनीचं जेवण. आणि काही दोन्ही नसलेल्या: कीर्ती, सत्ता, अमाप संपत्ती. पहिल्या प्रकाराला अंत आहे, पोट भरतं. तिसऱ्याला अंतच नाही, आणि दमणूक तिथेच होते.

रोजच्या व्यवहारात मी एकच प्रश्न सुचवेन: ही वस्तू घेतल्याचं कोणालाही कधीच कळणार नसेल, तरी मी ती घेईन का? उत्तर ‘हो’ आलं तर घ्या, हौस असली तरी घ्या. हौसेला माझा विरोध नाही. दुसऱ्याच्या नजरेसाठी भागवलेल्या हौसेत स्वतःला मिळतं फार थोडं, एवढंच.

हा भरल्या पोटाच्या लोकांचा शौक नाही का?

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यात तथ्य आहे. ज्याला एकच जोडी चपला परवडतात, त्याला ‘एकाच जोडीत समाधान माना’ असं सांगणं हा अपमान आहे. साधेपणा निवडलेला असेल तरच त्याला मिनिमलिझम म्हणता येतं. लादलेला असेल तर ती टंचाई, आणि टंचाई माणसाचं लक्ष खाऊन टाकते. पैसे पुरत नसताना डोक्यात सतत हिशेब चालू राहतो, त्यात कसली शांतता?

वस्तू टाकून देणंसुद्धा ऐपतीचं काम आहे. ‘लागली तर पुन्हा घेऊ’ असं म्हणायला पुन्हा घेण्याइतके पैसे लागतात. अडचणीत दिवस काढलेली माणसं जुने डबे, दोऱ्या, कपड्यांचे तुकडे जपून ठेवतात, कारण त्यांना एकेकाळी त्याचाच आधार होता. त्यांना पसारेवाले म्हणून हिणवू नये.

साधेपणाचा आदर्श म्हणून ज्याचं नाव हमखास येतं, तो अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोसुद्धा 1845 मध्ये तळ्याकाठच्या झोपडीत राहायला गेला तो मित्राच्या, एमर्सनच्या, जमिनीवर, आणि गाव पायी जाण्याच्या अंतरावर होतं. दोन वर्षं दोन महिने तो तिथे राहिला. त्याच्या प्रयोगाचं मोल याने कमी होत नाही, पण मागे आधार असणाऱ्याला साधेपणा सोपा जातो, हे मान्य करून पुढे जावं.

तरीही हा विचार फक्त श्रीमंतांचा आहे, असं मला वाटत नाही. उत्पन्न बेताचं असताना हप्त्यावर घेतलेली दिखाव्याची वस्तू जास्त जड जाते. ‘चारचौघांत बरं दिसायला हवं’ या दडपणातून सुटका झाली तर तिचा सगळ्यात मोठा फायदा कमी कमावणाऱ्यालाच होईल.

हा कंजूषपणा झाला ना?

नाही. कंजूष माणूस पैसा साठवतो, म्हणजे त्याचीही साठवणच चालू असते. साधेपणाने राहणारा माणूस एखाद्या वस्तूवर भरपूर खर्चही करेल, कारण ती त्याला पंधरा वर्षं वापरायची असते. आणि पाहुणा आला की हात आखडता घेणं, याला साधेपणा म्हणू नये.

सुरुवात कुठून करू?

आठवणी न गुंतलेल्या वस्तूंपासून. मुदत संपलेली औषधं, न लिहिणारी पेनं, कशाची आहे हेच माहीत नसलेली चार्जिंगची वायर, जुनी बिलं, झाकण हरवलेले डबे. एक खण घ्या, पूर्ण रिकामा करा, पुसा, आणि लागतं तेवढंच परत ठेवा. सगळं घर एका दमात काढायला बसू नका. संध्याकाळपर्यंत पलंगावर ढीग राहतो, अंग मोडून येतं, आणि सगळं जसंच्या तसं परत कोंबलं जातं.

त्याआधीही एक काम करण्यासारखं आहे: महिनाभर नवीन काही आणू नका. खाण्यापिण्याचं, औषधं, अत्यावश्यक दुरुस्ती सोडून बाकी सगळं थांबवा. वाटलं की कागदावर लिहून ठेवा. महिन्याने तो कागद वाचला की त्यातल्या कितीतरी गोष्टींची आता इच्छाही उरलेली नाही, हे समोर दिसतं. आवरण्याच्या कुठल्याही पद्धतीपेक्षा मला हा कागद जास्त शिकवणारा वाटतो.

‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेल्या वस्तूंचं काय?

कधीतरी म्हणजे कधी, याचं उत्तर देता येत नसेल तर ती एका खोक्यात घाला, खोक्यावर तारीख लिहा आणि बाजूला ठेवा. सहा महिने ते उघडावं लागलं नाही, तर आतल्या वस्तू देऊन टाका. प्रथमोपचाराचं सामान, हत्यारं, विजेरी, महत्त्वाची कागदपत्रं यांना हा नियम लावू नका. त्या वस्तू क्वचितच लागाव्यात अशीच अपेक्षा असते.

वस्तू सोडताना जीव का अडकतो, यालाही कारण आहे. 1990 साली डॅनियल काहनेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले आणि काय किमतीला विकाल असं विचारलं. इतरांना काय किमतीला घ्याल असं विचारलं. विकणाऱ्यांनी साधारण दुप्पट किंमत सांगितली. तो साधा मग हातात येऊन वेळही फार झाला नव्हता, तरी ‘माझा’ झाल्याबरोबर त्याचं मोल वाढलं. म्हणून आवरताना ‘हे टाकू का?’ असं न विचारता ‘हे माझ्याकडे नसतं, तर आज मी विकत आणलं असतं का?’ असं विचारा. उत्तर पटकन मिळतं. ‘पण यावर इतका खर्च झालाय’ हा विचारही असाच फसवा आहे. तो पैसा गेला, वस्तू ठेवून तो परत येत नाही.

गेलेल्या माणसांच्या वस्तू, भेटी, जुनी पत्रं? ती कशी टाकायची?

टाकायची कशाला? या वस्तू सगळ्यात शेवटी घ्या, आणि नाही घेतल्या तरी काही बिघडत नाही. वडिलांचा चष्मा, आजीची साडी, मैत्रिणीचं पत्र यांची उपयुक्तता मोजायची नसते. ‘वापरात नाही म्हणजे काढून टाका’ असं याबाबतीत सांगणाऱ्याचं ऐकू नका.

मात्र एक बघा. गेलेल्या माणसाच्या सगळ्याच वस्तू कपाटात बंद राहिल्या, तर त्यातली एकही नजरेसमोर येत नाही. त्यांतली दोन-तीन, जिच्याकडे पाहिलं की ते माणूस डोळ्यांपुढे उभं राहतं अशी, निवडून बाहेर ठेवली, वापरली, तर आठवण जास्त जिवंत राहते. बाकीच्या वस्तू त्या माणसावर जीव असलेल्या इतरांना देता येतात. दुःख ताजं असताना यातलं काहीही करू नका. आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

भेटींचं म्हणाल, तर भेट देणाऱ्याने देताना प्रेम दिलं, ते पोहोचलं. न आवडलेली वस्तू आयुष्यभर सांभाळण्याचं बंधन त्यात नसतं. यापुढच्यासाठी जवळच्या लोकांना मोकळेपणाने सांगा की वस्तू नको, एक दिवस सोबत घालवू. पहिल्यांदा सांगताना अवघड वाटतं. सहसा समोरच्यालाही हायसं वाटतं.

घरातले बाकीचे तयार नसतील तर?

त्यांच्या वस्तूंना हात लावू नका. अगदी निरुपयोगी वाटल्या तरी. चोरून टाकलेली एक वस्तू जेवढा विश्वास मोडते, तेवढा रिकामा खण परत आणू शकत नाही. स्वतःचं कपाट, स्वतःचं टेबल, स्वतःच्या खरेद्या एवढंच तुमच्या हातात आहे. सामाईक जागेसाठी फार तर एक ठरवून घ्या: जेवणाचं टेबल रात्री मोकळं असेल, किंवा दाराशी चपलांखेरीज काही राहणार नाही.

मुलांची खेळणी कमी केली तर त्यांच्यावर अन्याय होईल का?

उलट झालेलं दिसतं. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं. चार खेळणी असताना मुलं प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. अभ्यास लहान होता, पण पालकांना यात नवल वाटणार नाही. काही खेळणी नजरेआड ठेवून थोड्या दिवसांनी अदलाबदल करा. मूल मोठं असेल तर काय द्यायचं ते त्यालाच ठरवू द्या.

पुस्तकं आणि छंदाचं सामानही कमी करायचं?

वापरात असेल तर नाही. चित्रकाराकडे रंग असणारच. वाचलेली आणि पुन्हा हातात न येणारी पुस्तकं दुसऱ्या वाचकाकडे गेली तर बरं, पण पुस्तकांनी भरलेल्या भिंतीत ज्याला आनंद आहे, त्याने ती भिंत खुशाल ठेवावी. सोडायचं असेल तर ते ‘मी गिटार शिकणार होतो’ या धुळीत पडलेल्या अपराधीपणाला सोडा.

वस्तूंऐवजी अनुभवांवर खर्च करावा म्हणतात. खरं आहे?

बहुतांशी. लीफ व्हॅन बोव्हेन आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 मध्ये लोकांना त्यांच्या दोन्ही प्रकारच्या खर्चांबद्दल विचारलं. अनुभवांवरच्या खर्चाने जास्त आनंद झाला असं सांगणारे अधिक निघाले. अनुभव सहसा कोणाच्या तरी सोबतीने घेतलेला असतो, त्याच्या गोष्टी पुढे सांगितल्या जातात, आणि त्याची दुसऱ्याच्या अनुभवाशी तुलना करणं अवघड असतं.

पण अनुभवही साठवायची वस्तू होऊ शकतो. ‘इतकी ठिकाणं पाहिली’ अशी यादी वाढवत नेणं, प्रत्येक क्षण फोटोसाठी जगणं, ही पुन्हा तीच धाव. मित्रासोबत निवांत चालून येणं हाही अनुभवच आहे, आणि त्याला तिकीट लागत नाही.

फोनमधल्या पसाऱ्याचं काय?

तो जागा अडवत नाही म्हणून दुर्लक्षित राहतो, पण लक्ष सगळ्यात जास्त तोच खातो. हजारो फोटो नीट लावत बसू नका, त्याला अंत नाही. आधी नोटिफिकेशन बंद करा. माणसांचे फोन आणि निरोप तेवढे येऊ द्या, बाकी ॲपना आवाज करायची गरज नसते. मग खरेदीची ॲप काढून टाका आणि साठवलेले कार्डाचे तपशील पुसा. खरेदी थोडी कटकटीची झाली की निम्मी इच्छा तिथेच मावळते. जे पाहून सतत आपलं घर, कपडे, प्रवास कमी वाटतात, ते पाहणं थांबवा. सुंदर रिकाम्या घरांची छायाचित्रंही त्यात आली.

एकूण किती वस्तू असाव्यात?

आकडा नाही. शंभर वस्तूंत राहण्याची आव्हानं लोक घेतात, पण मोजत बसल्याने मन पुन्हा वस्तूंभोवतीच फिरतं. एकटा तरुण आणि आजारी आईला सांभाळणारी मुलगी यांचं ‘पुरेसं’ एक कसं असेल?

काढलेल्या वस्तूंची विल्हेवाट कशी लावायची?

चांगल्या अवस्थेतल्या वस्तू ज्यांना खरंच हव्यात त्यांना, आधी विचारून द्या. फाटकं, मोडकं दान म्हणून देऊ नका. घेणाऱ्याचाही मान असतो. इलेक्ट्रॉनिक वस्तू साध्या कचऱ्यात टाकू नका. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी कचऱ्यावर नोंद होऊन रीतसर पुनर्प्रक्रिया झाली. म्हणून असलेला फोन चालतोय तोवर चालवणं हा सगळ्यात परिणामकारक उपाय. सुटसुटीत दिसावं म्हणून जुन्या धडधाकट वस्तू टाकून नव्या ‘मिनिमल’ वस्तू आणणं हे तर पूर्ण उलटं.

सगळं आवरलं, तरी आत रिकामं वाटतं. असं का?

कारण खरेदीने एक जागा भरून ठेवली होती. कंटाळा, एकटेपणा, नोकरीतला वैताग, कोणीतरी आपल्याला कमी लेखल्याची सल यांवर खरेदी ही झटपट मलमपट्टी असते. ती काढली की खालची जखम दिसते. हे वाईट लक्षण नाही, आता कुठे खऱ्या प्रश्नाशी गाठ पडली आहे. मोकळ्या झालेल्या शनिवारचं काय करायचं, हे ठरवा. कोणाला भेटायचं आहे, काय शिकायचं आहे, कोणाला मदत हवी आहे, की नुसतं पडून राहायचं आहे? तो दिवसही पुन्हा कार्यक्रमांनी ठासून भरू नका.

डॉक्टरांची मदत कधी घ्यावी?

निरुपयोगी वस्तूसुद्धा सोडताना असह्य त्रास होत असेल, आणि साठवणीमुळे पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही अशी वेळ आली असेल, तर तो आळस किंवा हट्ट नव्हे. साठवणुकीचा विकार हे 2013 पासून अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात स्वतंत्र निदान आहे. त्यावर समुपदेशनाने उपचार होतात. घरच्यांनी जबरदस्तीने घर रिकामं केल्याने तो बरा होत नाही, बहुतेकदा त्रास वाढतो. तसंच अचानक सगळं वाटून टाकावंसं वाटणं, कशातच रस न उरणं, जगण्याला अर्थ न वाटणं याला साधेपणा समजू नका. ती खोल नैराश्याची खूण असू शकते. अशा वेळी त्या माणसाला एकटं सोडू नका आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

पुन्हा पसारा साठू लागला तर?

साठणारच. घरात माणसं राहतात, मुलं वाढतात, ऋतू बदलतात. वर्षातून दोनदा पुन्हा एकदा हात फिरवायचा, इतकंच. फार वेगाने साठत असेल तर आवरण्याची पद्धत बदलू नका, वस्तू कुठल्या वाटेने येत आहेत ते शोधा. बहुतेक वेळा एक-दोनच वाटा निघतात: रात्री उशिरा फोनवर केलेली खरेदी, किंवा सवलत लागली म्हणून घेतलेलं जास्तीचं सामान. त्या बंद केल्या की बाकीचं हाताने सहज आवरता येतं.